पाळण्यात बाळाशिवाय काही नको

ताई,
माझी पहिली मुलगी परवा दोन महिन्यांची झाली. महिनाभर आधीच जन्मली, जन्माचं वजन सव्वादोन किलो होतं. आता तब्येत छान आहे, दूध ओढून पिते. बाळंतपणाला माहेरी सांगलीला आले आहे, पुढच्या आठवड्यात पुण्याला परत जायचं आहे. डॉक्टर म्हणाले, बाळाला उताणं झोपवा. आई म्हणते, कुशीवर झोपव, उताणी असताना दूध घशात गेलं तर? सासूबाईंना तिचं डोकं मागून चपटं होतंय असं वाटतं, म्हणून त्यांनी मोहरीची उशी शिवून पाठवली आहे. आजोळचा जुना पाळणा मामांनी रंगवून आणून दिलाय. पुण्याच्या घरी नवऱ्याने क्रिब, म्हणजे कडेने गज असलेला बाळाचा पलंग, मागवून ठेवलाय, त्याच्यासोबत उशी, दोन छोटे लोड, कडेने बांधायच्या मऊ पट्ट्या, रजई असा सगळा संच आलाय. कोणाचं ऐकू? मला कोणाचंच मन मोडायचं नाही. रात्री मला धड झोप लागत नाही, अर्ध्या-अर्ध्या तासाने उठून तिचा श्वास चालू आहे ना ते बघते. पहाटे पाजायला सोफ्यावर बसते तेव्हा मात्र डोळा कधी लागतो ते कळतही नाही. बाकी सगळं चांगलं आहे. नवरा सिगारेट ओढतो, पण गॅलरीत जाऊन.
– एक आई, सांगली

प्रिय मैत्रिणी,

तू उशीबद्दल विचारलंस, पाळण्याबद्दल विचारलंस. पण तुझं पत्र वाचताना मी थांबले ती सोफ्याच्या ओळीवर. बाकीच्या गोष्टी दोन-चार दिवसांनी केल्यास तरी चालतील. ही मात्र आज रात्रीपासून बदलायची आहे.

बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत झोप लागणं, ही बाळाच्या झोपेतली सगळ्यात धोक्याची जागा. तुझा हात सैल पडतो, बाळ घसरत घसरत बैठक आणि पाठ यांच्यामधल्या खाचेत जातं किंवा त्याचं तोंड तुझ्या अंगात दाबलं जातं. दोन महिन्यांच्या बाळाला मान उचलून तोंड मोकळं करता येत नाही, आणि नाक दाबलं गेलं तर ते ओरडूही शकत नाही. शेजारी माणूस असूनही काही कळत नाही, कारण तो माणूस झोपलेला असतो.

तेव्हा रात्रीचं पाजणं सोफ्यावर नको. जमिनीवर किंवा पलंगावर सपाट, घट्ट गादीवर बसून पाज. बसायच्या आधी उशा, पांघरुणं बाजूला काढून ठेव. सांगलीत आहेस तोवर पहाटेच्या वेळेला आईला हाक मार, तिला म्हण, माझ्याशी बोलत बस. पुण्यात ते काम नवऱ्याचं. त्याने पाजणं संपल्यावर बाळाला तुझ्याकडून घ्यायचं, खांद्यावर धरून ढेकर काढायची आणि तिच्या जागेवर ठेवायचं. एवढं करूनही गादीवर पाजता पाजता डोळा लागलाच, तर जाग येईल त्या क्षणी तिला उचलून तिच्या जागी ठेव. सोफ्यापेक्षा मोकळी सपाट गादी कितीतरी बरी, म्हणून झोप येणार अशी शंका असेल तेव्हा तर सोफ्याकडे वळूच नकोस.

मग रात्रभर कुशीतच घेऊन झोपले तर काय, असं तुझ्या मनात येईलच. आपल्या घरांत बाळं आईजवळच झोपतात, पिढ्यान्‌पिढ्या झोपत आली आहेत, आणि मी त्यावर सरसकट काट मारणार नाही. पण तुझ्या बाबतीत मी स्पष्ट नाही म्हणते. तिचा जन्म वेळेआधी झाला, वजन अडीच किलोच्या आत होतं आणि घरात सिगारेट आहे. या तिन्हींपैकी एक गोष्ट असली तरी एका गादीवर झोपण्याचा धोका वाढतो, तुझ्याकडे तिन्ही आहेत. गॅलरीत ओढलेल्या सिगारेटचा धूर कपड्यांत, केसांत, श्वासात घरात येतो. नवऱ्याला हे पत्र वाचायला दे. सोडता आली तर उत्तमच, बाळासाठी याहून मोठी गोष्ट तो करू शकणार नाही. सुटेपर्यंत ओढल्यावर शर्ट बदलून, हात-तोंड धुऊनच बाळाला घ्यायचं. एवढ्याने धोका जात नाही, थोडा कमी होतो, हेही त्याला सांग.

म्हणजे व्यवस्था अशी: खोली तुमचीच, पण झोपायची जागा तिची स्वतःची. तुझा हात पोहोचेल इतक्या अंतरावर. निदान पहिले सहा महिने तरी असंच ठेव. स्वतंत्र खोली सजवायची घाई करू नका.

आता उताणं की कुशीवर. आईला चुकीचं ठरवू नकोस, कारण ती जे सांगते तेच एके काळी डॉक्टर सांगत होते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली पालकांना सांगितलं होतं, बाळाला कुशीवर किंवा उताणं झोपवा, पालथं नको. कुशीची मुभा त्यांनी २००५ मध्ये काढून घेतली. मधल्या वर्षांत लक्षात आलं होतं, की कुशीवर ठेवलेलं बाळ अंगाच्या थोड्याशा हालचालीने पालथं पडतं आणि तिथून परत फिरणं त्याला जमत नाही. तुझ्या आईने तुला वाढवलं तेव्हा कुशीवर झोपवणं हा शहाण्यासुरत्यांचाच सल्ला होता. तिला हे असंच सांग.

पालथं झोपवण्याची चूक आपल्यापेक्षा पाश्चात्त्य देशांत जास्त झाली. तिथे अनेक वर्षं तसा सल्लाच दिला जायचा आणि धडधाकट बाळं रात्री झोपायची ती सकाळी उठायची नाहीत. शवविच्छेदनातही कारण सापडायचं नाही. याला सिड्स म्हणतात. नेदरलँड्समध्ये १९८७ पासून पालथं झोपवू नका असं सांगायला सुरुवात झाली, न्यूझीलंडमधल्या अभ्यासातूनही तेच पुढे आलं. ब्रिटनमध्ये अ‍ॅन डायमंड या टीव्हीवरच्या प्रसिद्ध निवेदिकेचा मुलगा १९९१ मध्ये असाच गेला. न्यूझीलंडला हे आधीच कळलं आहे हे समजल्यावर ती तिथे गेली, परत येऊन तिने सरकारच्या मागे लकडा लावला आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये बाळाला उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली. अमेरिकेत ती १९९४ मध्ये सुरू झाली. दोन्ही देशांत असे मृत्यू पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून खाली आले. औषध नाही, यंत्र नाही, फक्त झोपवायची पद्धत बदलली.

आणि आईची खरी भीती आहे दुधाची. लाखो बाळं उताणी झोपायला लागली तेव्हा डॉक्टरांनीही तीच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहिली, की दूध श्वासनलिकेत जाऊन गुदमरण्याचे प्रकार वाढतात का. वाढले नाहीत. त्याचं कारण शरीराच्या रचनेत आहे. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्याखाली. थोडं दूध उलटून आलं तरी ते खालीच राहतं, श्वासनलिकेत जायला त्याला चढावं लागेल. बाळ पालथं झालं की हीच रचना उलटी होते, आणि वर आलेलं दूध श्वासनलिकेच्या तोंडाशी येऊन थांबतं. शिवाय बाळाला गिळण्याची आणि खोकण्याची उपजत क्रिया असतेच. हे आईला कागदावर दोन नळ्या काढून दाखव. माझा अनुभव असा, की आज्यांना 'डॉक्टर म्हणाले' एवढं पटत नाही, पण कारण दाखवलं की लगेच पटतं.

पाजून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं खांद्यावर उभं धर, ढेकर येऊ दे, मग ठेव. दूध उलटतं म्हणून डोक्याकडची बाजू उशी घालून उंच करू नकोस. बाळ घसरून खाली येतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. वेळेआधी जन्मलेल्या बाळांनाही घरी उताणंच झोपवायचं. एखाद्या आजारामुळे तुझ्या डॉक्टरांनी मुद्दाम वेगळं सांगितलं असेल तरच वेगळं.

पुढे चार-सहा महिन्यांची झाली की ती आपणहून कुशीवर वळेल, पालथी पडेल. तेव्हाही ठेवताना उताणंच ठेवायचं. पण दोन्ही बाजूंनी स्वतः वळायला लागली, की रात्रभर उठून तिला सरळ करत बसायची गरज नाही.

मोहरीची उशी. सासूबाईंनी ती किती मायेने शिवली असेल, मोहरी निवडून, मऊ सुती कापड बघून. तरी झोपेत ती नको. उशी कसलीही असो, मोहरीची, कापसाची, मधे खळगा असलेली, तान्ह्या बाळाला उशीच नको. तोंड वळलं की नाक उशीत जातं, डोकं उशीवरून घसरलं की मान वाकते. टाका उसवला तर मोहरीचे दाणे नाकातोंडाशी, हा आणखी एक ताप.

सासूबाईंचं निरीक्षण मात्र बरोबर असू शकतं. उताणं झोपणाऱ्या बाळाचं डोकं मागून थोडं चपटं होतं. त्यावर उपाय उशीचा नाही, जाग्या वेळेचा आहे. बाळ जागं असताना, कोणी समोर असताना, तिला पोटावर ठेवायचं. आधी दोन-तीन मिनिटं, असं दिवसातून काही वेळा, मग हळूहळू वाढवत दिवसभरात मिळून पंधरा ते तीस मिनिटांपर्यंत. अंघोळ घालणारी बाई तिला पायांवर पालथं घेऊन मालीश करते ना, ती वेळही यातच धर. मान, खांदे बळकट होतात आणि डोक्याच्या मागच्या भागावरचा दाब सुटतो. शिवाय झोपवताना एक दिवस डोकं या टोकाला, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला ठेव. बाळ खोलीतल्या माणसांकडे, उजेडाकडे मान वळवतं, त्यामुळे बाजू आपोआप बदलते. बसायला लागली की डोक्याचा आकार बहुतेक वेळा सुधारतो. ती कायम एकाच बाजूला मान ठेवत असेल, दुसरीकडे वळवली की रडत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखव. मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो आणि त्यावर सोपे व्यायाम असतात.

आता पुण्यातला क्रिब. संचातलं जे जे मऊ आहे ते पिशवीतच राहू दे. उशी, लोड, रजई, कडेच्या पट्ट्या, सगळंच. दोन्ही बाजूंना लोड लावले की बाळ कसं बंदोबस्तात दिसतं, म्हणून आपल्याकडे ते लावतातच. पण तोंड त्या लोडात गेलं की बाळ आपणच सोडलेली हवा पुन्हा पुन्हा आत घेतं. प्राणवायू कमी होत जातो, आणि या वयात त्यातून दचकून जागं होण्याची ताकद प्रत्येक बाळात सारखी नसते. कडेच्या पट्ट्यांचंही तेच, वर त्यांच्या नाड्या सुटून गळ्याशी येण्याची भीती. अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून अशा गुबगुबीत पट्ट्यांच्या विक्रीवर बंदी आणली, त्यासोबत उतरत्या बैठकीच्या झोपायच्या खुर्च्यांवरही. आपल्याकडे त्या अजून राजरोस मिळतात, छान रंगीत मिळतात. दुकानात मिळते म्हणजे वस्तू बाळाला योग्य आहे असं धरू नकोस. गजांमधून पाय बाहेर अडकला तर ती रडेल, तू येऊन सोडवशील. तेवढ्यासाठी पट्ट्या लावायला नकोत.

क्रिब जोडून झाला की नवऱ्याने त्यावर थोडा वेळ द्यावा. हातात पट्टी घेऊन दोन गजांमधलं अंतर मोजायचं. सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर बाळाचं धड त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं. गादी आणि कड यांच्यामधे दोन बोटांहून अधिक फट नको. गादी त्याच क्रिबच्या मापाची घ्यायची, लहान पडली म्हणून कडेला चादरीच्या घड्या कोंबायच्या नाहीत. एक कड खाली सरकणारा प्रकार असेल तर ती कड वरच पक्की करून टाकायची. अशा क्रिबची विक्री अमेरिकेत जून २०११ पासून बंद आहे, कारण कडी निसटली की तयार होणाऱ्या फटीत बाळं अडकली होती. सगळे स्क्रू हाताने तपासायचे, आणि महिन्याभराने परत एकदा. ती बसायला लागली की गादीची पातळी खाली, धरून उभी राहायला लागण्याआधी सगळ्यात खालच्या खाचेत.

गादीबद्दल आईशी बोलावं लागेल, कारण ती नवा कापूस पिंजून गुबगुबीत गादी करून देणार, हे मी न सांगता ओळखते. तळहात गादीवर जोरात दाब आणि उचल. हाताचा खळगा तसाच राहिला तर ती गादी बाळाला नको. लगेच सपाट झाली तर चालेल. घट्ट हवी, सपाट हवी, त्यावर ताणून बसवलेली एक सुती चादर हवी. मेणकापड घालायचं असेल तर चादरीच्या खाली, चारी बाजूंनी खोचलेलं. वर सुटं मेणकापड कधीच नको.

क्रिब खिडकीपाशी ठेवू नकोस. पडद्याची, ब्लाइंडची दोरी हाताशी येता कामा नये, मोबाइल चार्जरची वायरसुद्धा. वरच्या भिंतीवर फोटो, घड्याळ, देव्हाऱ्याचं फडताळ असलं तर जागा बदल.

आजोळच्या पाळण्याचं काय करायचं? घरात तीन पिढ्या ज्यात वाढल्या असतील तो पाळणा माळ्यावर टाक असं मी म्हणणार नाही. दिवसा, कोणी तिथेच बसलेलं असताना, ओवी म्हणत झोका द्यायला तो जरूर वापर. रात्रभराची झोप मात्र क्रिबमधे. वापरण्याआधी मामांना एक प्रश्न विचार: नवा रंग कशावर दिलाय? घरगुती रंगात शिसं किती असावं यावर आपल्याकडे कडक मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या रंगांत शिसं भरपूर असू शकायचं, आणि शिसं बाळाच्या मेंदूला घातक असतं. खाली जुना रंग असेल तर वरचा नवा थर पोपडा होऊन निघाला की तो उघडा पडतो. पाच-सहा महिन्यांची झाली की ती कड चावायला बघणारच, त्याआधीच पाळण्याचा उपयोग थांबव. जुना रंग घरात खरवडत बसू नका, ती धूळ आणखी वाईट.

पाळण्याची दुसरी तपासणी सोपी आहे. गादी काढून टाक, तळाच्या फळीवर मधोमध एक लिंबू ठेव. लिंबू एका कोपऱ्याकडे पळालं तर दोर सारखे नाहीत. कापसाच्या दोराला ताण बसून तो लांबतो, आणि मग बाळ झोपेत त्याच कोपऱ्याला घसरत जातं, तोंड फळीला टेकतं. दोर सारखे करून घ्या, छताचा हूक आणि कड्या मामांकडूनच नीट तपासून घ्या. पाळण्यालाही गजांच्या अंतराचा तोच नियम. वर चिमणाळं बांधायचं तर उंच आणि पक्कं. ती हात उंचावून ओढायला लागली की काढून टाकायचं. आणि ती हातांवर जोर देऊन अंग उचलायला लागली की पाळणा बंद, कारण कडा उथळ असतात.

साडीची झोळी बांधायचा विचार घरात कोणी काढला तर रात्रीच्या झोपेसाठी सपशेल नाही म्हण. झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीवर येते, आणि महिनाभर आधी जन्मलेल्या बाळाला हे अजिबात नको.

कपड्यांचं थोडक्यात. आपल्याकडे बाळाला टोपडं, कुंची, मोजे, वर दुपटं आणि त्यावर शाल, असं बांधून ठेवायची सवय आहे. जास्त उष्णतेनेही सिड्सचा धोका वाढतो. आपण जेवढे कपडे घालतो त्याहून एक थर जास्त, एवढं तिला पुरे. घरात झोपताना टोपडं नको. तान्ह्या बाळाच्या अंगातली बरीच उष्णता डोक्यावाटे बाहेर जाते, शिवाय टोपडं सरकून नाकावर येतं. हातपाय थंड लागले म्हणून घाबरू नकोस, मानेला मागून किंवा छातीला हात लावून बघ. तिथे घाम असेल तर एक कपडा काढ. पुण्याच्या थंडीत पांघरुणाऐवजी अंगात घालायची बिनटोपीची झोपायची पिशवी मिळते, ती मापाची घे. दुपट्यात गुंडाळत असाल तर पाय आत मोकळे हलले पाहिजेत, आणि ती वळायची चिन्हं दिसली की गुंडाळणं त्या दिवसापासून बंद. पंखा चालेल, थेट तोंडावर नको.

गळ्यातला काळा दोरा, सोन्याची बारीक साखळी, ताईत, हे झोपताना काढायचंच. कशात तरी अडकून आवळतं. दृष्टीची काळजी असेल तर तळपायाला काजळाची तीट लाव, सासूबाईंनाही ते पटेल. मच्छरदाणी हवीच, डेंग्यूचे दिवस असतात. ती क्रिबच्या बाहेरून, ताणून, आत लोंबणार नाही अशी बांध. कॉइल नको. अंघोळीनंतर ओव्याची धुरी आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी, यांपासूनही तिला दूर ठेव. धुराने छोट्या फुप्फुसांना त्रास होतो, आणि बंद खोलीतल्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो.

तिला अंगावर पाजतेस आणि लशी वेळेवर देतेस, या दोन्ही गोष्टींनी धोका कमी होतो. त्या चालू ठेव.

आता तुझ्या झोपेबद्दल. हे मी शेवटी लिहितेय म्हणून कमी महत्त्वाचं समजू नकोस. अमेरिकेत वर्षाला साधारण ३६ लाख बाळं जन्मतात आणि झोपेशी निगडित मृत्यू सुमारे ३,५०० होतात, त्यातही मऊ अंथरूण, सोफा, पालथं झोपणं अशी कारणं वारंवार दिसतात. म्हणजे ही घटना मुळात विरळ आहे, आणि ती आणखी विरळ करणाऱ्या बहुतेक गोष्टी तुझ्या हातात आहेत. सगळ्यात जपायचे महिने पहिला ते चौथा, सहा महिन्यांनंतर धोका खूपच उतरतो. ती उताणी आहे, गादी घट्ट आहे, आजूबाजूला काही नाही, खोलीत धूर नाही, एवढं एकदा बघितलंस की दर अर्ध्या तासाने उठून त्यात काही भर पडत नाही. भर पडते ती तुझ्या थकव्यात, आणि तोच थकवा तुला पहाटे सोफ्यावर झोपवतो. श्वास मोजणारे मोजे, पट्टे यांच्या जाहिराती दिसतील. त्यांनी सिड्स टळतो असं सिद्ध झालेलं नाही, त्या पैशात चांगली गादी येईल.

झोपेच्या पाळ्या लावा. सकाळी सहाचं पाजून झालं की बाळ आजीकडे आणि तू दार लावून नऊपर्यंत झोप. भांडी, पाहुणे, फोन, कशालाही उठायचं नाही. पुण्यात सासूबाई किंवा नवरा हे करू शकतात. पण बाळ दुसऱ्याच्या हातात सुखरूप आहे हे दिसत असूनही तुला झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, मनात सारखे भयंकर विचार येत असतील, तर तो तुझ्या स्वभावाचा दोष नाही. बाळंतपणानंतर असं अनेकींना होतं आणि त्यावर उपचार आहेत. तुझ्या डॉक्टरांना मोकळेपणाने सांग. सरकारच्या टेलीमानस सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

कोणाचं मन मोडायचं नाही म्हणतेस. तर नुसतं 'नको' म्हणू नकोस, प्रत्येकाच्या हाती काम दे. आईकडून गुबगुबीत गादी नको, पण तिच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवून घे. जमिनीवर ती अंथरून बाळाला पोटावर खेळवायचं, समोर आजीने बसायचं. सासूबाईंना फोन करून सांग, डोक्याचा आकार तुम्ही बरोबर ओळखलात, आता दिवसातून तीन वेळा तिला पोटावर खेळवायची जबाबदारी तुमची. मामांनी दोर आणि कड्या बघायच्या. नवऱ्याने क्रिब आणि सिगारेट. दहा आठवड्यांच्या लशीला जाशील तेव्हा घरातल्या मोठ्या माणसाला मुद्दाम बरोबर ने आणि कुशीचा प्रश्न डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचार. तुला चौथ्यांदा वाद घालायला लागणार नाही.

सांगली-पुणे प्रवासाचं तेवढं राहिलं. गाडीने जाणार असाल तर बाळ मांडीवर नको, मागे तोंड करून बसवायच्या बाळाच्या सीटमधे, पट्टे बांधून. ती सीट एका बाजूला कलत नाही ना आणि हनुवटी छातीवर पडत नाही ना, हे शेजारी बसून बघत राहा. वाटेत दर तासा-दीड तासाला थांबून तिला बाहेर काढा, पाज, अंग मोकळं होऊ दे. घरी पोहोचल्यावर ती गाढ झोपलेली असेल आणि सगळे म्हणतील, उठवू नकोस, सीटसकटच ठेव. ऐकू नकोस. पट्टे सोड आणि तिला उचलून क्रिबमधे उताणं ठेव.